थायरॉईडची गोळी: चहाच्या आधी की नंतर?

कमी थायरॉईडसाठी मिळणारी गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, म्हणजेच टी-४ हे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक (हार्मोन). ही न मोडलेली मोठी नोट समजा. पेशींना लागतात सुटे पैसे, म्हणजे टी-३. टी-४ मध्ये आयोडीनचे ४ अणू असतात. यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणची विकरं (एन्झाइम) त्यातला एक काढतात, की नोट मोडली. रक्तातलं साधारण ८० टक्के टी-३ असं ग्रंथीबाहेरच तयार होतं. भलत्याच जागेचा अणू निघाला तर होतं 'उलटं टी-३'. ते खोटं नाणं. मोठ्या आजारपणात किंवा उपासमारीत त्याचं प्रमाण वाढतं. ही मोडामोड शरीर बघून घेतं. आपण फक्त नोट रक्तापर्यंत पोचवायची.

१. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या आणि अर्धा ते एक तास थांबा. आपल्याकडे गाडी अडते ती इथेच, कारण डोळे उघडायच्या आत चहा लागतो! उपाशीपोटीही ७० ते ८० टक्केच औषध शोषलं जातं. वर चहा, कॉफी, दूध आलं की आणखी घट. 'घोटभरच घेतला' हेही चालत नाही. चहा सुटतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्या, मात्र जेवून ३ तास झालेले हवेत.

२. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने.

३. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. त्याच दिवशी आठवली तर घेऊन टाका. डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात तेही याचमुळे. आठवडाभरात तपासून 'काही फरक नाही' म्हणणं म्हणजे पैसे पाण्यात.

४. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर लॅबला सांगा आणि किमान २ दिवस आधी थांबवा, नाहीतर रिपोर्ट चक्क खोटा येऊ शकतो.

५. गोळ्यांची बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. उष्णता, दमट हवा आणि उजेड, तिन्हींनी औषध खराब होतं.

दिवस राहिले की 'आता कसलीही गोळी नको' असं घरातलं कुणीतरी हमखास सांगतं. ही गोळी थांबवायची नाही. त्या काळात तिची गरज बऱ्याचदा २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, म्हणून कळल्याबरोबर डॉक्टरांना फोन करा.