गोव्याच्या पावसात जलरंगाचा वॉश: कागदाची ओल कशी ओळखावी

डिसेंबरात रायबंदरच्या फेरी धक्क्यावर बसून मांडवीवरचं आकाश रंगवायला घेतलं, तर कागद बघता बघता सुकतो. तेच आकाश जुलैत घरच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, बसून रंगवा. चहा पिऊन कप विसळून आलात तरी कागद ओलाच. म्हणून ‘पाच मिनिटं थांबा’ असल्या सूचना निदान गणेश चवथीपर्यंत गुंडाळून ठेवाव्यात आणि कागदावरची चमक बघावी.

कागद शक्यतो ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि खळग्यांत डबकी साचतात. चारी कडा टेपने बोर्डाला चिकटवा, वरच्या बाजूखाली एखादी वही सरकवून थोडा उतार द्या. रुंद ब्रशने स्वच्छ पाणी आधी आडवं, मग उभं फिरवा. मिनिटभर मुरू द्या आणि आणखी एक हात द्या. हा दुसरा हात चुकवू नका, नाहीतर कागद ठिकठिकाणी आधी सुकतो.

आता मान खाली घालून, उजेडाच्या दिशेने कागदाकडे तिरपं बघा. खिडकीचे गज त्यात दिसत असतील तर पाणी अजून वर तरंगतंय. रंग टाकू नका. खालच्या कडेला साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. गज पुसट होऊन तेलाचा हात फिरवल्यासारखी सलग चमक राहिली, कागदाचे दाणे दिसू लागले, की आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग पातळ थर, सोडा. ही चमक मंदावू लागली की पलीकडच्या चोडण बेटावरची कांदळवनं रंगवा, ब्रशवर दाट रंग घेऊन. कडा आपोआप मऊ येतात.

चमक गेली की मात्र हात आवरा. कागद सुकल्यासारखा दिसतो, पण उलटा हात टेकवला तर गार लागतो. नेमकं याच वेळी मी एकदा ‘ढगाच्या पोटात जरासा करडा’ म्हणून भरलेला ब्रश टेकवला. ब्रशमधलं जादा पाणी कमी ओल्या भागात पसरलं, वाटेतला रंग ढकलत गेलं आणि आकाशात फ्लॉवरचा गड्डा उगवला. पुसायला गेलो तसा तो वाढतच गेला. ब्रशमध्ये पाणी कागदापेक्षा कमीच हवं. रंगात बुडवल्यावर ब्रशचं पोट, टोक नव्हे, फडक्याला टेकवा.

घाई असेल तर हेअर ड्रायर चालेल, पण चमक गेल्यावरच, लांबून. ओल्या वॉशवर वारा मारलात तर रंग पळतो. डोक्यावरचा पंखा मी बंदच ठेवतो.

एवढं करूनही रंग टीपकागदावर पडल्यासारखा जागीच शोषला गेला, तर दोष तुमचा नसेल. कपाटातल्या दमटपणाने कागदावरचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, खराब होतं. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि जुना कागद काढला की कोपऱ्यावर रंगाचा एक थेंब टाकून बघा. लगेच आत मुरला, तर तो कागद पेन्सिलीच्या स्केचला ठेवा.