परसातला स्विमिंग पूल: कारागिराला बोलावण्याआधी काय तपासायचं

पाणी हिरवं झालं की बरेच जण आधी पंप दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात. दोष बहुतेक वेळा पाण्यात असतो, पंपात नाही. म्हणून सुरुवात मोजमापाने करा.

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करा आणि १००० ने गुणा, म्हणजे लिटर कळतील. ८ × ४ × १.५ मीटरच्या तलावात ४८,००० लिटर पाणी मावतं. हा आकडा पंपाजवळ लिहून ठेवा, कारण औषधाचं प्रत्येक माप त्यावर ठरतं. इतक्या पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने (दहा लाखात एक भाग, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम) वाढवायला शुद्ध क्लोरीन ४८ ग्रॅम, म्हणजे ६५ टक्क्यांची पावडर साधारण ७४ ग्रॅम लागते.

वापर चालू असताना आठवड्यातून दोन-तीनदा टेस्ट किटने पाणी तपासा. मोकळं क्लोरीन (अजून कशाशी संयोग न पावलेलं) १ ते ३ पीपीएम, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६, क्षारता (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम हवी. क्षारता आधी जागेवर आणा, नाहीतर पीएच टिकत नाही. पीएचकडे दुर्लक्ष फार महागात पडतं: तो ७.५ असताना निम्म्याच्या आसपास क्लोरीन प्रभावी रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. मग माणूस पावडर ओतत राहतो आणि शेवाळ वाढतच जातं. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर त्यांतून स्टॅबिलायझरही (क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक आम्ल) पाण्यात उतरतो. तो ३० ते ५० पीपीएम असला की उन्हापासून क्लोरीन वाचतं, पण १०० च्या वर गेला की क्लोरीन मंदावतं. तो कमी करण्याचा खात्रीचा उपाय एकच, थोडं पाणी काढून ताजं भरणं.

पाण्याला उग्र वास येतो तो बहुधा क्लोरीन जास्त झाल्यामुळे नाही, तर घाम आणि लघवीशी संयोग पावलेलं क्लोरीन साठल्यामुळे. अशा वेळी सूर्यास्तानंतर १० पीपीएमचा जादा डोस द्या, रात्रभर पंप चालू ठेवा आणि पातळी परत ३ च्या आसपास येईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका.

आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. पावडर आणि गोळ्या एका डब्यात किंवा एकाच चमच्याने हाताळल्या तर आग लागू शकते. आम्ल पाण्यात घालायचं, आम्लावर पाणी ओतायचं नाही.

वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा: पंप बंद, व्हॉल्व्ह फिरवा, व्हॉल्व्हजवळच्या काचेतलं पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीन मिनिटं चालवा, मग पंप बंद करून व्हॉल्व्ह रिन्सवर (खळखळून धुण्यावर) आणा आणि अर्धा मिनिट चालवा. पंप चालू असताना व्हॉल्व्ह फिरवला तर आतलं गॅस्केट जातं.

गळतीचा संशय असेल तर बादली पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर ठेवा आणि आतली-बाहेरची पातळी खुणेने आखा. पाऊस नसताना २४ तासांनी दोन्ही सारख्या उतरल्या असतील तर ते बाष्पीभवनच. तलाव जास्त उतरला तर हीच चाचणी पंप बंद ठेवून करा. पंप चालू असतानाच पातळी वेगाने उतरत असेल तर परतीच्या (पंपाकडून तलावात पाणी आणणाऱ्या) पाइपवर संशय घ्या. आत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसले तर हवा पंपाच्या शोषण बाजूने शिरते आहे. झाकणाची रिंग आधी पाहा.

हे टिपण हातात असलं की कारागिराशी बोलणं नेमकं होतं. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही तर कपॅसिटर, मोटर आणि पंपाच्या जोडावरून पाणी टपकतं तर शाफ्ट सील, कर्कश आवाज येतो तर बेअरिंग, असा अंदाज बांधा. थेट नवा पंप सुचवणाऱ्याला कारण विचारा आणि सुटा भाग का चालणार नाही ते दाखवायला सांगा. गळती शोधणारा पाइपची दाब-चाचणी करणार का, हे फरशी फोडायच्या आधी ठरवा. सामान आणि मजुरी वेगळी मांडलेला लेखी अंदाज घ्या, बदललेले भाग मागून घ्या आणि शेवटचा हप्ता आठवडाभर पाणी टिकल्यावर द्या. विजेचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच त्याच्याकडून चालवून तपासा.

आणि कुणी सफाईसाठी तलाव पूर्ण रिकामा करायला सांगितलं तर आधी भूजलाची पातळी विचारा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी खालून दाब देतं, आणि रिकामा तलाव उचलला जाऊन तडकू शकतो.