घरीच शिकवताय? आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

जेवणाच्या टेबलावर गणित सोडवत बसलेल्या माझ्या लेकीने हात वर केला आणि विचारलं, "आई, पाणी प्यायला जाऊ?"

घर आमचं, माठ चार पावलांवर. तिसरीनंतर तिला शाळेतून काढलं, त्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. फ्रिजवर मी वेळापत्रक चिकटवलं होतं. ९ ते ९.४० गणित, मग इंग्रजी, मग परिसर अभ्यास आणि ११ वाजता छोटी सुट्टी. तो वर गेलेला हात बघून माझ्या पोटात कालवलं. आम्ही सोडली होती ती नुसती शाळेची इमारत. बाकी अख्खी शाळा मी ठाण्यात, चरईतल्या आमच्या घरात आणून बसवली होती.

त्याला आता चार वर्षं होतील. लेक बारा वर्षांची आहे, धाकटा सात, आणि तो शाळेत गेलेलाच नाही. ठाण्यातून, ऐरोली-वाशीकडून अधूनमधून कुणाकुणाचे फोन येतात, "तुम्ही कसं करता?" पुस्तकं कुठली, अॅप कुठलं, हे नंतर बघू. आधी आम्ही कुठे चुकलो ते ऐका, म्हणजे तुमचं एखादं वर्ष तरी वाचेल.

आईची बाई होऊ देऊ नका

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि जवळजवळ प्रत्येक घरात होते. शाळेतल्या बाई मुलावर चिडल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरतं. घरी आईच बाई झाली, तर ते जाणार कुठे?

असं होतंय हे कसं ओळखायचं? मूल वही लपवायला लागतं. न करताच "झालं" म्हणतं. गणिताचं नाव काढलं की पोटात दुखतं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे ते आजीजवळ जाऊन बसतं आणि तुम्ही खोलीत आलात की बोलायचं थांबतं. आमच्याकडे हे सगळं झालं. एकदा सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "अगं, ती तुला घाबरते हल्ली." त्या रात्री मी वेळापत्रक काढून टाकलं.

त्यानंतर तीन महिने आम्ही अभ्यास असा केलाच नाही. रोज रात्री गोष्ट मोठ्याने वाचायची, दिवसा घरातली दोन कामं तिने करायची, एवढंच. पहिला महिना ती नुसती लोळत होती आणि मी आतून घाबरलेली होते. दुसऱ्या महिन्यात "कंटाळा आला"चा पाढा सुरू झाला. तिसऱ्यात तिने स्वतःहून जुन्या खोक्यांची लोकल ट्रेन करायला घेतली, आणि डब्याची लांबी मोजायला पट्टी मागितली. शाळेत काही वर्षं काढलेल्या मुलाला ती सवय अंगावरून उतरवायला वेळ लागतो. तो द्याच. घाई केलीत तर पुढे दुप्पट वेळ जातो.

दुसरं म्हणजे तास मोजू नका. पन्नास मुलांच्या वर्गात हजेरी, वह्या तपासणं, गप्प बसवणं यातच कितीतरी वेळ जातो. घरी समोर एकच मूल असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं लक्ष देऊन करायचं काम दीड-दोन तासांत संपतं. उरलेला दिवस भरून काढायच्या नादात आपण मुलाला दमवतो.

सहलीचंही तेच. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात आणि ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटीच्या वेळा बघून बोट सुटते. आम्ही गेलो. गुलाबी थवा उठला आणि मी लगेच विचारलं, "सांग, यांचा रंग गुलाबी का असतो?" लेकीने दुर्बीण खाली ठेवली ती ठेवलीच, परत काही उचलली नाही. धाकट्याच्या वेळी मी तोंड बंद ठेवलं. तीन दिवसांनी पोळी खाता खाता त्यानेच विचारलं, "ते पक्षी रंगवलेले होते का?" मग शेवाळ, कोळंबीसारखे बारीक जीव आणि खाण्यातून पिसांत येणारा रंग, असं सगळं अर्धा तास चाललं. त्याला भूक लागली तेव्हा वाढलं, म्हणून ते पचलं.

घरातलं ज्ञान सोडून वर्कबुकं विकत घेऊ नका

पहिल्या वर्षी मी अपूर्णांकांची तीन वर्कबुकं आणली. पिझ्झ्याचे तुकडे, केकचे तुकडे, सगळं रंगीत. लेक त्यातलं भराभर सोडवायची, म्हणून मी खूश. मग एकदा जांभळी नाक्यावर भाजी घेताना भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पाऊणशे झाले." लेक माझ्याकडे बघत राहिली. तीन छेद चार कागदावर येत होतं, पण पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर हे तिला ठाऊक नव्हतं. सव्वाशे, अडीचशे, पावणेदोन, साडेतीन यातलं काहीच येत नव्हतं. इंग्रजी माध्यमात तीन वर्षं काढलेली पोर, तिचा काय दोष!

आपल्या भाषेने अपूर्णांक रोजच्या बोलण्यात ठेवलेत आणि आपणच मुलांना ते शिकवायचं विसरतो. सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, त्यांना तोंडपाठ आहेत. त्या वाल सोलायला बसल्या की लेक शेजारी बसायची आणि दोघींचं सुरू व्हायचं, "चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार..." वाल सोलून होईपर्यंत दोन वेळा पाऊणकी व्हायची. महिनाभरात बाजारात हिशेब लेकच करायला लागली. ती वर्कबुकं रद्दीत गेली, याचं मला जराही वाईट वाटत नाही.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी घरात, इमारतीत, नात्यात कोणाला काय येतं याची यादी करा. आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला आली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतं. काकांनी मुलांना ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं करून रूळ कसे बदलतात, सिग्नल कसा बघायचा हे दाखवलं. आणि वाचनालय लावा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. घरी शिकणाऱ्या मुलाने हाताने कपाटातलं पुस्तक काढून बघण्यासारखं दुसरं काही नाही.

"आपोआप शिकेल" यावरही विसंबू नका

वरचं वाचून कुणी दुसऱ्या टोकाला जाईल, म्हणून हे सांगते. मीही गेले होते. मूल जगण्यातून शिकतं हे मला इतकं पटलं, की दीड वर्ष लिहिण्याकडे बघितलंच नाही. लेक बोलायची छान, वाचायची पुष्कळ. मग एकदा मावशीला पत्र लिहायला बसवलं तर आठव्या ओळीला तिचा हात दुखायला लागला. अक्षर वाकडं, जोडाक्षरं चुकलेली. हीच मुलगी पुढे तीन तासांचा पेपर कसा लिहिणार?

काही गोष्टी रोज थोड्या थोड्या कराव्याच लागतात. आमच्याकडे त्या तीनच आहेत: एक पान लेखन, पाढे आणि पंधरा मिनिटं गणित. लेखनात निबंध नको. घरखर्चाची वही तिच्याकडे आहे, दर आठवड्याला एक खरं पत्र टपालात पडतं आणि कधी आजीच्या सांगण्यावरून एखादी पाककृती उतरवून होते. कंटाळा आला तरी हे होतं, जसे आपण दात घासतो. बाकी दिवस तिचा.

कागदपत्रं नंतर बघू म्हणू नका

इथे आमचं खरं नुकसान झालं. शाळा सोडताना कार्यालयात विचारलं, "पुढे कुठल्या शाळेत?" आम्ही म्हटलं घरीच. मग दाखला कशाला हवा, असं म्हणाले, आणि आम्हीही मान डोलावून परत आलो. दीड वर्षाने दाखला मागायला गेलो तेव्हा क्लार्क बदललेले, जुनी रजिस्टरं दुसरीकडे हलवलेली. सहा खेपा झाल्या. शेवटी दाखला हातात आला तर आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. मूल शाळेतून गेल्यावर नोंद बदलून घेणं फार किचकट असतं.

तुम्ही असं करा. नाव कमी करायच्या आधीच जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद तिन्ही समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. चूक असेल तर मूल पटावर असतानाच दुरुस्त करून घ्या. दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका. प्रगतीपुस्तकं जपून ठेवा.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याबद्दल कायदा थेट बोलत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, वर्षभर काय केलं याची एक फाइल ठेवा. तारीख, वाचलेली पुस्तकं, लिहिलेली पानं, फोटो. कुणी विचारलं तर दाखवता येतं, आणि आपलाही जीव थाऱ्यावर राहतो.

दहावीसाठी आम्ही एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा विचार करतोय. तिथे चौदा वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. माध्यम मराठीही घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. लोक इथे दोन चुका करतात. एक म्हणजे सोपे विषय निवडायच्या नादात गणित-विज्ञान सोडतात आणि अकरावीला मूल सायन्स म्हणालं की अडकतात. दुसरी चूक टीएमएची. हे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात आणि निकालात त्यांना २० टक्के वजन असतं. परीक्षा तेवढी महत्त्वाची समजून ते शेवटच्या दिवशी कसेतरी उरकू नका.

मुलाला खोटं बोलायला लावू नका

"आज शाळेला सुट्टी का गं?" लिफ्टमध्ये, रिक्षात, दुकानात रोज कुणीतरी विचारणार. सुरुवातीला वाद नको म्हणून मी लेकीला "हो म्हण" असं सांगितलं होतं. काही दिवसांनी लक्षात आलं, की वॉचमन काका दिसले की ती माझ्या मागे लपते. आपण काहीतरी लपवण्यासारखं करतोय असा अर्थ तिने काढला होता, आणि तो मीच तिला दिला होता. आता दोन्ही मुलं सरळ सांगतात, "आम्ही घरी शिकतो." लोक दोन प्रश्न विचारतात आणि गप्प होतात.

लग्नाकार्यात एखादे काका सतराचा पाढा विचारणारच. तिथे मुलाच्या मदतीला धावून जा. "काका, परीक्षा नको, तिला तिच्या कबुतरांच्या वहीबद्दल विचारा," एवढं मी हसून म्हणते.

मित्रांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो झटकू नका. पण म्हणून क्लासमागून क्लासही लावू नका. एका वर्षी आम्ही पोहणं, तबला, चित्रकला आणि घोडबंदर रोडला रोबोटिक्स लावलं होतं. संध्याकाळ रिक्षात आणि ट्रॅफिकमध्ये जायची आणि मैत्री कुणाशीच झाली नाही. मैत्रीला तीच ती माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. आता दोनच गोष्टी ठेवल्यात: पाच वाजता खाली खेळायला जाणं कधी चुकवायचं नाही, आणि शनिवारी सकाळी आमच्यासारखी चार कुटुंबं उपवन तलावावर भेटतात. पाऊस असला तर कुणाच्या तरी घरी.

सगळं एकटीने ओढू नका

नवरा सकाळची फास्ट लोकल पकडतो आणि आठला घरी येतो, म्हणून दोन वर्षं सगळं माझ्यावर होतं. मी आजारी पडले तेव्हा कळलं, की लेक कुठवर आलीय हे त्याला माहीतच नव्हतं. आता रात्रीचं गणित त्याचं, रविवार पूर्ण त्याचा. त्या दिवशी मी मुलांच्या अभ्यासाकडे बघतही नाही. पैशाचंही आधी बोलून घ्या. एका पगारात भागणार का, हा प्रश्न सहाव्या महिन्यात भांडताना निघू देऊ नका.

परत शाळेत जायचं म्हणाली, तर हरलो समजू नका

गेल्या दिवाळीनंतर लेक म्हणाली, "मला शाळेत जाऊन बघायचंय." मला रात्रभर झोप लागली नाही. चार वर्षं वाया गेली, लोक काय म्हणतील, हे सगळं मनात आलं. सकाळी तिला विचारलं, का जायचंय? ती म्हणाली, खालच्या मुलींचं गॅदरिंग आहे आणि त्यांचं बोलणं तिला कळत नाही. किती साधं कारण! मी तिला समजवायला बसले असते, तर ते मला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

चौदा वर्षांपर्यंत मुलाला वयाप्रमाणेच्या वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलं असेल तर जादा शिकवणीचीही तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे दार बंद झालेलं नसतं, हे मुलालाही सांगून ठेवा. आम्ही जानेवारीत पाचपाखाडीतली एक मराठी शाळा तिला दाखवून आणली. ती पाऊण तास वर्गात मागच्या बाकावर बसली, मधल्या सुट्टीत दोघींशी बोलली. येताना कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. जूनपर्यंत विचार करून सांगते म्हणालीय.