सुट्टीत पोरांना वाचनालयाचा नाद कसा लावावा

परीक्षा संपल्या की सोसायटीच्या ग्रुपवर 'प्रत्येक मुलाने वाचायलाच हवीत' अशा पुस्तकांची लांबलचक यादी फिरायला लागते. पाठवणाऱ्याने त्यातली स्वतः किती वाचली आहेत, हे विचारायची सोय नसते. मी घरातली, भावाबहिणींची आणि शेजारची अशी बरीच पोरं सुट्ट्यांमध्ये वाचनालयात नेली आहेत. काही पक्की वाचक झाली, काही नाही झाली. पण ज्यांना नाद लागला त्यांना यादीमुळे लागला नाही, एवढं खात्रीने सांगते.

वाचनालयाचा खरा फायदा पुस्तकं स्वस्तात मिळतात हा नव्हे, ती परत करता येतात हा आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून विकत आणलेल्या पुस्तकामागोमाग 'एवढे पैसे घातलेत, आता वाच' हे घरात येतंच. वाचनालयाच्या पुस्तकाला ते ओझं नाही. नाही आवडलं, बदलून आणा. पण आईबाप तिथे जाऊनही विकत घेतल्यासारखंच पारखून-निरखून पुस्तक निवडतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कुठलं वाचनालय?

घराजवळचं. पेठांमध्ये राहत असाल तर चैनच आहे. पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालापासूनचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 सालचं. पण कोथरूडहून किंवा हडपसरहून मुलाला दर तीन दिवसांनी पेठेत आणणं तुम्हाला जमणार नाही, उगाच संकल्प सोडू नका. चालत जाता येईल असं छोटं वाचनालय त्यापेक्षा कामाचं.

पाटी नीट वाचा. 'अभ्यासिका' लिहिलं असेल तर तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून बसलेली असतात. तुमचं पोर एकदा शिंकलं तरी सगळे वर बघतील. 'मुक्तद्वार वाचनालय' म्हणजे बहुधा वर्तमानपत्रं. आपल्याला पुस्तकं घरी देणारं वाचनालय हवं. पाटीवर 'शासनमान्य अ वर्ग' असं दिसलं तर उत्तम. राज्यात 1967 च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग लावले जातात. आत गेल्यावर दोनच गोष्टी विचारा: बालविभाग वेगळा आहे का, आणि मुलांना कपाटांपर्यंत जाऊ देता का? दुपारची बंद वेळ आणि साप्ताहिक सुट्टी फलकावर बघून घ्या, नाहीतर उन्हातून जाऊन कुलूप बघून याल.

सभासद कसं व्हायचं?

फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत, वर्गणी. कार्ड मुलाच्या नावाने काढा, अर्जावर सही त्यालाच करू द्या आणि अनामतीची पावती जपून ठेवा.

पुस्तक निवडणं

खरी गोम इथे आहे. मलाही ही पायरी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मूल कपाटापाशी उभं असतं, आई मागे उभी असते. मूल एक पातळ पुस्तक ओढतं. आई म्हणते, "अरे, हे तर दुसरीतल्या मुलांचं आहे." ते ठेवून मूल भुताचं काढतं. "रात्री झोपशील का मग?" मग कॉमिक्स. "ते नको, काहीतरी चांगलं घे." चौथ्या वेळी मूल म्हणतं, "तूच सांग." आई खूश होते, थोर पुरुषाचं चरित्र काउंटरवर ठेवते आणि ते चरित्र मुदत संपेपर्यंत टीव्हीखालच्या खणात पडून राहतं. हे नाटक मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता आईबापांना सरळ वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे पिटाळते.

तर नियम असा. मुलाच्या कार्डावर मुलाचीच निवड. पातळ असो, बाळबोध असो, मागच्या खेपेला नेलेलंच असो. तुम्हाला फार मोह होत असेल तर तुमचं स्वतःचं कार्ड काढा, त्यावर ते चांगलं पुस्तक न्या आणि तुम्ही वाचा. मुलाला 'बघ किती छान आहे' म्हणू नका. पलंगावर उपडं पडलेलं पुस्तक पोरं आपणहून उचलतात. हातात कोंबलेलं उचलत नाहीत.

निवडायचं कसं, हे मात्र दाखवावं लागतं, कारण जुन्या वाचनालयांतली पुस्तकं दिसायला अगदी रुक्ष असतात. हाताळून खिळखिळी झाली की ती बाइंडरकडे जातात आणि सरसकट एकाच रंगाच्या पुठ्ठ्यात बांधून परत येतात. मुखपृष्ठावरचं चित्र गेलेलं, पाठीवर फक्त क्रमांक. अशा ओळीसमोर मूल गोंधळणारच. त्याला सांगा, पाठी बघत बसू नकोस, कुठलंही मधलं पान उघड आणि अर्धं पान तिथेच उभ्याने वाच. पान उलटावंसं वाटलं तर घे. दुसरी युक्ती: जिथे अजून तारखेचे शिक्के मारतात तिथे पुस्तकाला चिकटवलेली चिठ्ठी बघायची. बालविभागातल्या पुस्तकावर अलीकडचे शिक्के दाटीवाटीने असतील तर ते इतर पोरांनी स्वतःहून नेलेलं आहे. माझा या शिक्क्यांवर कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त विश्वास आहे.

काही ठिकाणी कपाटांपर्यंत जाऊच देत नाहीत. काउंटरवर नाव सांगायचं, मग पुस्तक काढून देतात. दहा वर्षांच्या मुलाला नावं कुठून माहीत असणार? अशा वेळी आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना जा. रविवारी सकाळी किंवा बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी गेलात तर पुणेरी उत्तर मिळेल आणि ते तुमच्या लायकीचंच असेल. मुलालाच बोलू द्या. "काका, भुतांचं काही आहे का?" असं पोराने विचारलं की कपाळाला आठ्या घालून बसलेला माणूसही उठतो आणि चार-पाच पुस्तकं काढून समोर ठेवतो. कुठलं पुस्तक मुलं परत परत मागतात हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं वेगळं सांगायला हवं, कारण आता बऱ्याच घरांत तीच आहेत. ही मुलं घरी फर्डं मराठी बोलतात, पण छापील पानावर जोडाक्षर आलं की अडखळतात. 'कुऱ्हाड', 'द्वंद्व', 'उद्ध्वस्त' असे शब्द एका परिच्छेदात आले की पुस्तक मिटतं. आईबापांना वाटतं मराठीची आवडच नाही. आवड असते, वेग नसतो. अशा मुलाला इयत्तेपेक्षा दोन-तीन वर्षं खालची, मोठ्या टायपातली पुस्तकं खुशाल नेऊ द्या. घरी एक पान तुम्ही मोठ्याने वाचा, एक त्याने वाचायचं. अडलेला शब्द लगेच सांगून टाका. 'फोड करून बघ' म्हणत बसलात तर गोष्ट मरते. कादंबरी झेपत नसेल तर 'किशोर'चे जुने अंक मागा. बालभारती 1971 पासून हे मासिक काढते आहे. गोष्ट, कविता, कोडं असं सगळं दोन-चार पानांत संपतं. वाचनालयात नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर जुने अंक फुकट वाचता येतात.

घरी आणल्यावर

काहीही करू नका. सारांश लिहून घेऊ नका, वाचलेल्या पानांचा तक्ता भिंतीवर लावू नका आणि पुस्तकामागे आइस्क्रीम लावू नका. आइस्क्रीमवाली मुलं पातळ पुस्तकं भराभर उरकायला शिकतात. सारांशवाल्यांना सुट्टीत शाळाच भरल्यासारखं होतं. आंब्याच्या हाताने पुस्तक धरायचं नाही, एवढा एकच नियम पुरे.

बदलायला जाणं

मुदत आठवड्याची असो की पंधरवड्याची, सुरुवातीला दर तीन-चार दिवसांनी चक्कर मारा. पुस्तक संपलेलं नसेल तरी जा. हे लोकांना पटत नाही. 'आधी हे संपव, मग दुसरं' हा घराघरांतला कायदा आहे आणि वाचनाची गोडी घालवायला तो एकटा पुरेसा आहे. तिसऱ्या पानावर कंटाळलेलं मूल ते पुस्तक संपवत नाही, नुसतं वाचनालयात जायचं टाळायला लागतं. म्हणून अर्धवट पुस्तक बिनबोभाट परत करू द्या. 'वाचलंस का पूर्ण?' हा प्रश्न गिळा. दोन-तीन पुस्तकं अशी न वाचता परत गेली की कुठलं आपल्याला झेपतं, कुठलं नाही, याचा अंदाज मुलाला येतो. तो अंदाज आला की पुस्तक शोधायला ते तुमच्याकडे बघत नाही.

पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर मुलालाच बरोबर घेऊन काउंटरवर जा आणि किंमत भरा. सेलोटेपने चिकटवून गुपचूप परत करू नका. टेप पिवळी पडते आणि पान आणखी खराब होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गणी बंद करायची घाई करू नका. शनिवारची एक चक्कर ठेवा. दिवाळीच्या आधी बरीच वाचनालयं दिवाळी अंकांची योजना काढतात: वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. त्यात मुलांचे अंकही असतात, पण ते मोजके येतात आणि पहिल्या आठवड्यातच उचलले जातात. नाव लवकर नोंदवा.