अ‍ॅम्प गेला म्हणण्याआधी: कारमधल्या वूफरबाबतच्या या चुका टाळा

गाडीत वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बसवून आठवडा झाला आणि बेस जोरात आला की अ‍ॅम्प बंद पडू लागला. चार-पाच सेकंद शांतता, मग पुन्हा सुरू. दोन महिने मी अ‍ॅम्पलाच शिव्या घातल्या, शेवटी नवा आणला. तरी तेच! मग मल्टीमीटर घेऊन डिक्कीत घुसलो तेव्हा दिसलं, की बसवणाऱ्याने अर्थची (करंट परत नेणारी, गाडीच्या पत्र्याला जोडायची) वायर रंगावरच बोल्टने आवळली होती. पत्र्याशी तिचा संबंध होता तो बोल्टच्या आट्यांपुरता.

अर्थकडे दुर्लक्ष

बॅटरीकडून येणारी लाल वायर अंगठ्याएवढी जाड आणि अर्थची काळी मात्र सुतळीसारखी, असं काम सर्रास दिसतं. लाल वायरमधून जेवढा करंट येतो तेवढाच काळीतून परत जातो, तेव्हा दोन्ही सारख्या जाडीच्या हव्यात. अर्थ अर्ध्या मीटरच्या आत द्या. पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा चकचकीत करा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवा आणि गंजू नये म्हणून वरून ग्रीस लावा. कोकणात तर हे विसरूच नका. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नका, तो जीव वाचवायला आहे.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून गाणं मोठ्याने लावा आणि अ‍ॅम्पच्या प्लस व ग्राउंड (अर्थ) टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. १३.५ ते १४ च्या आसपास दिसायला हवेत. बेसच्या प्रत्येक ठोक्याला आकडा ११ पर्यंत कोसळत असेल आणि त्याच वेळी बॅटरीवर तो नीट टिकत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

बाजारातल्या स्वस्त किटची वायरही ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते तांब्यापेक्षा बरंच कमी करंट वाहून नेतं, म्हणून वायर एक-दोन साइज जाड घ्यावी लागते.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी असतो. बोनेटमधून आत येताना वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर आगीपासून वाचवणारा तोच. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

सगळ्यात जास्त वूफर इथे जळतात. कारसेटचा सिग्नल किती व्होल्टचा आहे ते अ‍ॅम्पशी जुळवून घेण्यासाठी गेन असतो. बेस कमी वाटला म्हणून तो पूर्ण फिरवला, की अ‍ॅम्प क्षमतेच्या पलीकडे ताणला जातो, लाटेची टोकं कापली जातात आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे वूफरच्या आतली तारेची गुंडाळी, तापत जाते. ‘वूफर ५०० वॅटचा आहे, जळेल कसा?’ असं म्हणणाऱ्याचाच आधी जळतो.

नीट पद्धत अशी: वूफर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, बेस बूस्ट शून्यावर आणा. कारसेटचा आवाज पाऊण ठेवा आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मग वॅट गुणिले वूफरचे ओहम (कॉइलचा विरोध) यांचं वर्गमूळ काढा. ३०० वॅट आणि ४ ओहम असतील तर साधारण ३४.६ व्होल्ट. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत, हा आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि तिथेच थांबा.

वॅट म्हणजे आरएमएस वॅट, सतत मिळणारी खरी ताकद. डब्यावर ‘५००० वॅट’ छापलेल्या अ‍ॅम्पला ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर त्यात शिरतातच जेमतेम ४२० वॅट (३० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट). बाहेर ५००० कुठून येणार?

जळका वास आला असेल तर वूफरचा कोन (पुढचा पडदा) दोन्ही तळव्यांनी सरळ, अलगद दाबा. खरखर जाणवली तर कॉइल गेली. चांगली ४ ओहमची कॉइल मीटरवर ३.२ ते ३.८ च्या दरम्यान दाखवते.

बाकीच्या तक्रारी

अ‍ॅम्पवर ‘प्रोटेक्ट’चा, म्हणजे दोष आढळून तो बंद झाल्याचा, लाल दिवा लागला की आधी स्पीकरच्या वायरी काढा. दिवा विझला तर शॉर्ट वायरमध्ये किंवा वूफरमध्ये आहे. नाहीच विझला तर आरसीए (कारसेटचा सिग्नल आणणारी केबल) काढा. तरीही जळत राहिला, तर अ‍ॅम्प खरंच दुरुस्तीला न्या.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा ‘कुंईं’ आवाज येत असेल तरीही आरसीएच काढून बघा. थांबला तर गडबड कारसेटकडे किंवा आरसीए केबलमध्ये. नाहीतर अ‍ॅम्पच्या अर्थकडे किंवा पॉवरच्या वायरीकडे वळा. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायचे कष्ट घेतले, तर फिल्टर विकत घ्यायची वेळ सहसा येत नाही.

अ‍ॅम्प अर्ध्या तासात तापून बंद होतोय? ओहम मोजा. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, आणि ब्रिज केलेल्या (दोन चॅनल एकत्र जोडलेल्या) बऱ्याच अ‍ॅम्पना ४ च्या खाली झेपत नाही. बेस वाजतोय पण पोकळ वाटतोय? वूफरच्या दोन वायरी उलट करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. जिकडे बेस भरीव लागेल ती जोडणी ठेवा.

माझा तो ‘बिघडलेला’ पहिला अ‍ॅम्प मी आतेभावाला निम्म्या किमतीत दिला होता. त्याच्या गाडीत तो अजून ठणठणीत वाजतोय.