पंखा घुरघुरतोय? आधी आवाज ओळखा

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरणारच. नुसता वाऱ्याचा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. घरघर किंवा खडखड येत असेल, तर मात्र लक्ष घाला.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे किंवा रस्त्यालगतच्या खोलीत बहुधा धूळच कारण असते. मशीन बंद करा, वायर सॉकेटमधून काढा, झाकण उघडा. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, धुळीचा थर बसलेला असतो. तो मऊ ब्रशने सोडवा, मग ब्लोअर मारा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने पंखा सुसाट फिरला तर बेअरिंग (ज्यावर पंखा फिरतो तो भाग) बिघडू शकतं. हीटसिंक काढलाच, तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) पुसून नवी लावा.

झाकण उघडं ठेवून, हात लांब ठेवून मशीन चालू केलं की आवाज कुठून येतो ते कळतं. कधीकधी नुसती एखादी वायर पात्यांना घासत असते, आणि आपण उगाच नवा पंखा घ्यायला निघालेलो असतो! बेअरिंगच गेलं असेल तर तेलाच्या थेंबाने फार दिवस निभत नाही. सरळ बदला. दुकानात जुना पंखा सोबत न्या: ८० मिलिमीटरचा की १२०, वायरच्या टोकाला पिना ३ की ४, हे सांगत बसावं लागत नाही.

पॉवर सप्लायचा पंखा वाजत असेल, तर तो डबा घरी उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या भागाचा) जोरदार झटका बसू शकतो.