कांदा बीजोत्पादन: गोंडे फुलताना फवारणी आणि मधमाश्या

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या डोंगळ्यांचे (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांचे) गोंडे, म्हणजे फुलांचे गुच्छ, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागून तयार होतो. दुसऱ्या फुलावरचा पराग आणणारी मधमाशी नसेल तर गोंडे पोकळ राहतात. नेमके याच दिवसांत फुलकिडे (थ्रिप्स) आणि करपा हा बुरशीचा रोग वाढतात नि पंप बाहेर निघतो.

फुलकिड्यांचा बंदोबस्त फूल उमलण्याआधीच उरका. फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही नेहमीची औषधे मधमाशीला जहाल विषारी आहेत. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी. कळी बंद असताना फवारली तरी पुढे मकरंदात, परागात उतरतात, म्हणून दांडे निघाल्यावर ती नकोतच. कमी मात्रेत माशी लगेच मरत नाही, पण आपल्या पेटीची (पाळीव माश्यांच्या घराची) वाट चुकते, प्रतिकारशक्ती घटते आणि नोसेमासारखा आतड्याचा रोग बळावतो.

करप्याचे टेब्युकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल कीटकनाशकासोबत एकाच पंपात घालू नका. ही बुरशीनाशके माशीच्या शरीरातील विष पचवणारी यंत्रणा रोखतात. मग पायरेथ्रॉइडचा (लॅम्बडा सायहॅलोथ्रिन त्याच गटातले) घातकपणा कितीतरी वाढतो. मजुरीची एक फेरी वाचते, बियाणे जाते.

पेट्या एकरी 2, साधारण 10 टक्के फुले उमलल्यावर ठेवा. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा रुचत नाही. आधी आणलेल्या माश्या शेजारच्या पिकाला लागतात. फवारणी टळत नसेल तर आदल्या रात्री पेट्या 3 किमीपेक्षा लांब हलवा. नुसते दार रात्रभर बंद ठेवून भागत नाही, कारण यांतील बऱ्याच औषधांचा अंश दुसऱ्या दिवशीही फुलावर असतो.

पेटीसमोर एकाएकी मेलेल्या माश्यांचा खच, सोंडा बाहेर, काही थरथरत असतील तर ती विषबाधा. परागाच्या चौकटी काढा, साखर-पाणी समप्रमाणात द्या. मेलेल्या अळ्या पोळ्यातच असतील तर रोग समजा. सातेरीत (देशी पाळीव मधमाशीत) अळी डोके वर करून पडलेली आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी निघाली, तर तो थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग. तो विषाणूमुळे होतो, प्रतिजैविकावर पैसे घालू नका. राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवा, जास्त बाधित पोळी जाळा, बाधित पेटीतल्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नका. मेलिफेरात (युरोपीय पाळीव मधमाशीत) पंख चुरगळलेल्या माश्या दिसल्या तर नराचे कोष उघडून तांबूस व्हरोआ कोळी शोधा.